बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत : सागरी पक्षिदर्शनाच्या नौकाफेरीची चिकित्सा

प्रास्ताविक

समुद्रपक्षी दाखविण्यासाठी किनाऱ्यालगतच्या पाण्यात ज्या मार्गदर्शित नौकाफेऱ्या काढल्या जातात, त्यांचा विचार प्रायः दोन विद्याशाखांत होतो. पर्यटनशास्त्र त्यांच्याकडे स्थानिक रोजगाराचे साधन म्हणून पाहते, तर पर्यावरणशास्त्र उपद्रवाचे संभाव्य कारण म्हणून. दोन्ही दृष्टी आवश्यक आहेत. परंतु नौकेवरून पक्षी 'दिसतात' ही गोष्ट दोहोंतही गृहीत धरलेली असते. प्रस्तुत लेखात नेमके हेच गृहीतक तपासावयाचे आहे. नौकाफेरी पक्षी नुसते दाखवीत नाही. कोणता पक्षी, कोणत्या क्रमाने, किती अंतरावरून आणि कोणत्या शब्दांच्या साहाय्याने पाहावयाचा हे ती ठरवून देते. तिला आरंभ असतो, उत्कर्षबिंदू असतो, ध्वनिक्षेपकावर बोलणारा निवेदक असतो आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षकही असतो. एखाद्या नाट्यप्रयोगाची समीक्षा ज्या गांभीर्याने केली जाते, त्याच गांभीर्याने या प्रयोगाचीही व्हावयास हरकत नसावी.

विवेचनासाठी मुख्यतः इंग्लंडमधील यॉर्कशरचा पूर्व किनारा निवडला आहे. त्याचे कारण सौंदर्य हे नाही. एकाच बंदरातून, एकाच कड्याखाली, समुद्रपक्ष्यांसाठीच निघणाऱ्या प्रवासी नौकांचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा मागोवा तेथे घेता येतो. आणि या काळात प्रवाशाच्या हातातील वस्तू तेवढी बदलली आहे.

फ्लॅम्बरोचा कडा आणि १८६९ चा कायदा

ब्रिडलिंग्टन हे यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील लहानसे बंदर. त्याच्या उत्तरेस फ्लॅम्बरो हेड हे भूशिर समुद्रात घुसलेले आहे आणि त्यापलीकडे बेम्प्टनचे खडूचे पांढरे कडे सुरू होतात. सुमारे शंभर मीटर उंचीच्या या कड्यांच्या अरुंद कंगोऱ्यांवर वसंतापासून ग्रीष्म संपेपर्यंत गिलेमॉट, रेझरबिल, किटिवेक, पफिन आणि गॅनेट हे पक्षी लाखोंच्या संख्येने घरटी करतात. १८४६ साली रेल्वे ब्रिडलिंग्टनला पोहोचली आणि औद्योगिक शहरांतील माणसांना एका दिवसाच्या सुटीत समुद्र गाठणे शक्य झाले. पुढील वीस वर्षांत तेथे एक करमणूक रूढ झाली : नौका भाड्याने घ्यावयाची, कड्याखाली जावयाचे आणि घरट्यांवर बसलेल्या पक्ष्यांवर गोळ्या झाडावयाच्या. नेम चुकण्याचा प्रश्नच नव्हता. मेलेले पक्षी पुष्कळदा उचललेही जात नसत. त्यांच्याबरोबर कड्यावरची पिल्ले उपासमारीने मरत, ती वेगळीच. याखेरीज स्त्रियांच्या टोप्यांसाठी किटिवेकच्या पंखांना बाजारात मागणी होती. त्यासाठी धंदेवाईक शिकारीही तेथे येत असत.

या प्रकाराविरुद्ध ज्यांनी आवाज उठविला त्यांत केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड न्यूटन अग्रभागी होते. त्यांची पार्श्वभूमी या विवेचनात महत्त्वाची आहे. १८५८ साली न्यूटन आणि त्यांचे मित्र जॉन वूली हे ग्रेट ऑक या उडता न येणाऱ्या समुद्रपक्ष्याच्या शोधात आइसलंडला गेले. एल्डी या खडकाळ बेटावर जावे आणि पक्षी किंवा निदान अंडी हाती लागतात का ते पाहावे, असा बेत होता. दोन महिने ते किनाऱ्यावर थांबले. हवामानाने एकदाही होडी बेटापर्यंत जाऊ दिली नाही. तेवढ्या अवधीत त्यांनी ज्या खलाशांनी पूर्वी त्या बेटावर शिकार केली होती त्यांच्या जबान्या टिपून घेतल्या, आणि एल्डीवरील शेवटची ज्ञात जोडी १८४४ सालीच मारली गेली होती हे त्यातून पुढे आले. समुद्रपक्षी पाहण्याच्या इतिहासातील ही बहुधा सर्वांत फलदायी अशी न झालेली फेरी म्हणावी लागेल. ज्या माणसाला पक्षी दिसला नाही, त्याला पक्षी नाहीसा होणे म्हणजे काय याची जाण आली; आणि एखादी जाती माणसाच्या हातून, आपल्या डोळ्यांदेखत, संपू शकते हा विचार त्यानंतर न्यूटन यांनी सोडला नाही.

१८६८ साली नॉर्विच येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात न्यूटन यांनी घरट्यांच्या हंगामातील शिकारीचा प्रश्न मांडला. ब्रिडलिंग्टनच्या परिसरात धर्मगुरू व जमीनदार यांनी संघटना उभारली, आणि तेथील खासदार क्रिस्टोफर साइक्स यांनी संसदेत विधेयक आणले. १८६९ चा समुद्रपक्षी संरक्षण कायदा तो हाच. १ एप्रिल ते १ ऑगस्ट या काळात समुद्रपक्षी मारणे त्याने दंडनीय ठरविले. ब्रिटनमध्ये वन्य पक्ष्यांना मुख्यतः त्यांच्या स्वतःसाठी, शिकारीच्या हक्कासाठी नव्हे, संरक्षण देणारा हा पहिला कायदा मानला जातो.

'त्यांच्या स्वतःसाठी' हे मात्र पूर्णांशाने खरे नाही. विधेयकाच्या बाजूने जे युक्तिवाद झाले त्यांत करुणेइतकाच उपयुक्ततेचा भाग होता. दाट धुक्यात कड्यावरील पक्ष्यांचा कलकलाट ऐकून खलाशांना खडक जवळ आल्याचे कळे. म्हणून त्या पक्ष्यांना फ्लॅम्बरोचे वाटाडे असे म्हटले जाई. पक्षी नसतील तर जहाजे फुटतील, हा मुद्दा संसदेला सहज पटणारा होता. तेव्हा पक्षी नौकेचा वाटाड्या होता. आज नौकेवर पक्ष्यांचा वाटाड्या असतो. दोन्ही काळांत पक्ष्याला जगण्याचा परवाना त्याच्या उपयोगामुळे मिळतो, हे साम्य नजरेआड करता येत नाही. पूर्वी तो जहाजे वाचवीत असे, आता तो उपाहारगृहे व वाहनतळ चालवितो.

या कायद्याच्या कक्षेबाहेर काय राहिले हेही पाहण्यासारखे आहे. सेंट किल्डा या दूरच्या बेटावरील रहिवाशांना त्यातून सूट मिळाली, कारण त्यांचे अन्नच समुद्रपक्षी हे होते. ही सूट न्याय्यच म्हणावी लागेल. परंतु अंड्यांनाही संरक्षण मिळाले नाही. बेम्प्टनच्या कड्यावरून दोराने खाली उतरून गिलेमॉटची अंडी काढणारे स्थानिक लोक त्यानंतरही आपला व्यवसाय करीत राहिले, आणि अंडी जमविणारे श्रीमंत संग्राहक कड्याच्या माथ्यावर उभे राहून दुर्मिळ रंगाच्या अंड्यांसाठी त्यांना पैसे मोजीत राहिले. १९५४ च्या कायद्याने ही प्रथा संपली. बंदूकवाल्या सहलकऱ्याला कायद्याने हटविले, पण संग्राहकाला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ मोकळीक दिली. वन्यजीवांच्या कायद्यांचा इतिहास कोणत्या वर्गाची करमणूक आधी गुन्हा ठरते या अंगाने लिहिला गेला पाहिजे. तूर्त त्या विषयाचा निर्देशच येथे शक्य आहे.

नौका मात्र तीच राहिली. याच बंदरातील 'यॉर्कशर बेल' या १९४७ साली बांधलेल्या प्रवासी नौकेवरून पुढे अनेक वर्षे ब्रिटनच्या राजमान्य पक्षी-संरक्षण संस्थेच्या फेऱ्या निघत राहिल्या. बंदर तेच, भूशिराला घातला जाणारा वळसा तोच, कड्याखाली इंजिन मंद करण्याची जागाही बहुधा तीच.

विपुलतेची संहिता

या फेरीची संहिता आता पाहू. नौका बंदर सोडते तेव्हा निवेदक प्रथम किनाऱ्याचा इतिहास सांगतो. मग पाण्यावर एकटेदुकटे गिलेमॉट दिसू लागतात. प्रवाशांच्या दुर्बिणी वर होतात. भूशिराला वळसा घातल्यावर किटिवेकचा कोलाहल ऐकू येतो, त्यापाठोपाठ वास, आणि मग एकदम संपूर्ण कडा. शेवटी गॅनेट : सुमारे दोन मीटर पंखविस्ताराचा, पांढराशुभ्र, तीस मीटरांवरून बाणासारखा पाण्यात घुसणारा. एकाकडून अनेकांकडे, लहानाकडून मोठ्याकडे हा क्रम भूगोलाने आयता दिलेला आहे, आणि निवेदक त्याचा लाभ घेतो. मध्येच कोणी तरी पफिनबद्दल विचारतोच. पफिन हा पक्षी कड्यावरील एकूण वस्तीत अल्पसंख्य, बिळात व फटीत राहणारा, आणि नौकेवरून पाहता अपेक्षेहून फारच लहान. तरी त्याच्या रंगीत चोचीमुळे भेटवस्तूंच्या दुकानापासून तिकिटापर्यंत त्याचेच चित्र असते. गिलेमॉटच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. वास्तविक तीन आठवड्यांचे, धड उडता न येणारे गिलेमॉटचे पिल्लू संध्याकाळच्या वेळी कड्यावरून खाली समुद्रात उडी घेते आणि पुढे पित्यासह पोहत खोल समुद्रात जाते, यासारखा नाट्यपूर्ण प्रसंग त्या किनाऱ्यावर दुसरा नसेल. पण तो नौकेच्या वेळापत्रकात बसत नाही.

या संहितेचा स्थायीभाव विपुलता हा आहे. प्रेक्षक 'किती हे पक्षी!' असे म्हणत परततो. आक्षेप येथूनच सुरू होतो. बेम्प्टनच्या गॅनेटची संख्या खरोखरच वाढली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे मोजकी जोडपी होती. एकविसाव्या शतकात ती दहा हजार जोड्यांच्या पुढे गेली. परंतु गॅनेट हा मोठा, दूरवर जाऊन मॅकेरल व हेरिंगसारखे मासे पकडणारा, मच्छिमार जहाजांनी टाकलेले मासेही खाणारा पक्षी आहे. किटिवेकचे तसे नाही. तो पाण्याच्या पृष्ठभागावरूनच अन्न उचलतो, आणि पिल्लांच्या काळात त्याचा भर सँडईल या वाळूत दडणाऱ्या, वीतभर लांबीच्या चिंचोळ्या माशावर असतो. उत्तर समुद्र तापत चालला, त्यातील सूक्ष्म प्लवक बदलले, आणि दुसरीकडे पशुखाद्य व तेल यांसाठी सँडईलची औद्योगिक मासेमारी झाली. ब्रिटनच्या उत्तरेकडील बेटांवर किटिवेकच्या वसाहती कोसळल्या. २०१७ साली या जातीची नोंद जागतिक पातळीवर 'असुरक्षित' या वर्गात झाली. फ्लॅम्बरो व बेम्प्टनच्या कड्यांवर तो अजून हजारोंच्या संख्येने आहे. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरील त्याची सर्वांत मोठी वसाहत तीच. म्हणजे जेथे तो टिकून आहे नेमकी तेथेच नौका जाते, आणि जेथे कडे रिकामे झाले तेथे अर्थातच कोणी तिकीट काढून जात नाही. नौकेने दाखविलेले दृश्य खोटे नाही. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष खोटा ठरू शकतो.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली 'ढळत्या आधाररेषे'ची संकल्पना मांडली. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेली समुद्राची स्थिती मूळ स्थिती मानते आणि ऱ्हासाचे मोजमाप तेथून सुरू करते, असा तिचा आशय. नौकाफेरी ही आधाररेषा घडविणारी यंत्रणा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. शाळेतील मुलगा कड्याखाली जे पाहतो ते त्याच्यासाठी 'समुद्रपक्ष्यांचे प्रमाण' ठरते. त्याला निवेदकाने आणखी दोन वाक्ये सांगितली नाहीत, तर पन्नास वर्षांपूर्वी काय होते आणि शेटलंडमध्ये आज काय आहे हे त्याला कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

ती दोन वाक्ये सांगणे अवघड का होते, हेही समजून घेतले पाहिजे. २०२४ साली ब्रिटनने उत्तर समुद्राच्या इंग्लिश भागात व संपूर्ण स्कॉटिश पाण्यात सँडईलची मासेमारी बंद केली. त्याचा फटका मुख्यतः डेन्मार्कच्या मच्छिमारांना बसला, आणि युरोपीय संघाने व्यापारकराराच्या आधारे हे प्रकरण लवादापुढे नेले. एका चिंचोळ्या माशावरून दोन राजकीय सत्ता समोरासमोर आल्या. याच किनाऱ्यासमोर खोल समुद्रात पवनचक्क्यांची प्रचंड क्षेत्रे उभी राहिली. त्यांच्या पात्यांना किटिवेक धडकतील म्हणून भरपाईदाखल सफोकच्या किनाऱ्याजवळ पाण्यात कृत्रिम घरट्यांचे मनोरे उभारण्यात आले. (किटिवेकला मानवनिर्मित कंगोरे वर्ज्य नाहीत, न्यूकॅसलच्या टाइन पुलावर तो बिनदिक्कत घरटी करतो, आणि तेथील नागरिक त्याबद्दल अभिमान व तक्रार दोन्ही बाळगतात.) हवामानबदल रोखणारी वीज आणि हवामानबदलाने ग्रासलेला पक्षी यांचा हा पेच आहे. दोन-तीन तासांच्या आनंदफेरीत तो कसा सांगावयाचा? तरीही न सांगणे हा पर्याय तटस्थ नाही. निवेदक नाविकांच्या आख्यायिका सांगू शकतो, तर सँडईलही सांगू शकतो. शिवाय तो पक्ष्याच्या चोचीत दिसतही असतो.

मोकळ्या खडकासमोर

विपुलतेच्या संहितेची खरी कसोटी २०२२ च्या उन्हाळ्यात लागली. अतिघातक पक्षी-इन्फ्लुएंझाची साथ त्या वर्षी समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींत पसरली. स्कॉटलंडमधील बास रॉक ही गॅनेटची जगातील सर्वांत मोठी वसाहत. त्या पक्ष्याचे शास्त्रीय नावही याच खडकावरून पडले आहे. तेथे २०१४ साली ७५,२५९ घरट्यांच्या जागा मोजल्या गेल्या होत्या. साथीनंतर २०२३ साली त्या ५१,८४४ भरल्या. आजारातून वाचलेल्या कित्येक गॅनेटच्या डोळ्यांचे फिकट निळे बुबुळ काळे झाल्याचे संशोधकांना आढळले. नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावरील फार्न बेटांवर, जी १९२५ पासून नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहेत, जुलै २०२२ मध्ये पर्यटकांना उतरण्यास बंदी झाली; इनर फार्न हे बेट मार्च २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले. मधल्या काळात नौका बेटांना प्रदक्षिणा घालून परतत असत.

ही प्रदक्षिणा समीक्षकाला विचार करावयास लावणारी आहे. एरवी फार्नवर उतरलेल्या पर्यटकाच्या डोक्यावर आर्क्टिक सुरय चोच मारतात, आणि पर्यटक टोपी सावरीत हसतो. पक्ष्याच्या रागाचेही तेथे स्मरणिकेत रूपांतर होते. त्या दोन हंगामांत मात्र पाहणाऱ्याला अंतर राखावे लागले, आणि पाहण्याच्या विषयात मृत्यू आला. प्रेक्षकाच्या अपेक्षेपलीकडचे काही दाखविण्याची शक्ती या प्रकारात आहे हे तेव्हा स्पष्ट झाले. २००० सालापासून नॉर्थ बेर्विक येथील स्कॉटिश सीबर्ड सेंटरमध्ये दूरनियंत्रित कॅमेऱ्यांद्वारे बास रॉकवरील पक्षी पाहता येतात. उपद्रव टाळावयाचा हाच एकमेव निकष असेल तर कॅमेरा हा नौकेपेक्षा निःसंशय श्रेष्ठ. पण कॅमेऱ्याची चौकट भरलेल्या जागेवर रोखता येते. नौकेवरच्या माणसाला खडकाची रिकामी बाजूही ओलांडून जावे लागते. नौकाफेरीच्या बाजूने मला जो सर्वांत सबळ युक्तिवाद वाटतो तो हा आहे, आणि आश्चर्य असे की तिचे पुरस्कर्ते तो सहसा करीत नाहीत.

वासाचे आमिष

कड्याखालच्या फेरीहून वेगळा प्रकार म्हणजे खुल्या पाण्यातील फेरी. येथे पक्षी एका जागी बसलेले नसतात, म्हणून त्यांना बोलवावे लागते. माशांचे तेल, आतडी व काळीज यांचे मिश्रण पाण्यात सोडले जाते आणि काही मिनिटांत रिकाम्या वाटणाऱ्या क्षितिजावरून वादळपाखरे व अल्बट्रॉस येऊ लागतात. न्यूझीलंडमधील काइकोरा येथे समुद्रतळाची खोल दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, त्यामुळे एरवी महासागरात दूर राहणारा अल्बट्रॉस तेथे थोड्याच वेळाच्या प्रवासानंतर हाताच्या अंतरावर येऊन बसतो. या पक्ष्यांचे घ्राणेंद्रिय विलक्षण तीव्र असते. प्लवक खाल्ले जात असताना बाहेर पडणाऱ्या डायमिथिल सल्फाइड या वायूच्या वासावरून त्यांतील काही जाती अन्न शोधतात, हे गॅब्रिएल नेव्हिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले. आणि समुद्रात तरंगणाऱ्या, शेवाळाने माखलेल्या प्लास्टिकलाही हाच वास येतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. जी संवेदना पक्ष्याला नौकेकडे आणते तीच त्याला प्लास्टिककडे नेते.

आमिष दाखवून जमविलेला हा मेळा 'नैसर्गिक' म्हणता येईल काय? पाण्यात टाकलेल्या काळजावर दोन अल्बट्रॉस भांडताना पाहून प्रवाशाला जे समाधान होते ते प्राणिसंग्रहालयातील भोजनसमयाच्या समाधानापेक्षा फार वेगळे नसावे. शिवाय लांब दोरीच्या गळांनी मासेमारी करणाऱ्या जहाजांमागे जाऊन, आमिष गिळून बुडून मरणे हे जगभरातील अल्बट्रॉसच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण आहे. नौका म्हणजे अन्न हे समीकरण त्या पक्ष्याच्या मनात आणखी दृढ करणारी फेरी त्याच्या संरक्षणाची भाषा बोलते, ही विसंगती आहे. मच्छिमार जहाजांच्या तुलनेत पर्यटक नौकेचे आमिष नगण्य आहे, असे उत्तर यावर दिले जाते. परिमाणाच्या दृष्टीने ते योग्य आहे. अर्थाच्या दृष्टीने नाही.

तथापि या प्रकाराला सरसकट दोष देण्यापूर्वी २००३ सालची घटना लक्षात घ्यावी लागते. न्यूझीलंड वादळपाखरू ही जाती एकोणिसाव्या शतकातील तीन जतन केलेल्या नमुन्यांवरूनच ज्ञात होती, आणि ती नष्ट झाली असे मानले जात होते. जानेवारी २००३ मध्ये उत्तर बेटाच्या किनाऱ्याजवळ पक्षिनिरीक्षकांच्या नौकेवरून तशा पक्ष्याचे छायाचित्र घेतले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हाउराकी आखातात आणखी पक्षी दिसले व त्यांची उत्तम छायाचित्रे मिळाली. पुढे संशोधकांनी पक्षी पकडून त्यांना लहान प्रक्षेपक लावले आणि २०१३ साली लिटल बॅरियर बेटावर त्यांची घरट्यांची जागा सापडली. त्या बेटावरून मांजरे १९८० साली व उंदीर २००४ साली हटविण्यात आले होते. नामशेष मानलेला पक्षी ऑकलंडसारख्या महानगराच्या आखातात वावरत होता, आणि तो प्रथम लक्षात आला तो हौशी माणसांच्या नौकेवरून. एल्डीला पोहोचू न शकलेल्या न्यूटनच्या होडीचा हा जणू उलटा प्रवास. त्या प्रवाशांना पक्षी ओळखता आला याचे कारण नमुन्यांचे वर्णन त्यांच्या परिचयाचे होते. पाहण्यापूर्वी वाचन झाले होते. मार्गदर्शित फेरीत हे वाचन प्रवाशाच्या वतीने मार्गदर्शक करतो, आणि म्हणूनच त्याच्या शब्दांची चिकित्सा आवश्यक ठरते.

शेव, लाँच आणि खाडी

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर समुद्रपक्षी पाहण्याची आपली सर्वांत लोकप्रिय फेरी मार्गदर्शकाविना चालते. हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे कुरवांचे थवे लागतात आणि प्रवासी शेव, गाठी, वेफर्स हवेत उडवितात. काइकोराच्या आमिषाचा हा आपला शाकाहारी अवतार म्हणावा काय! फरक एवढाच की तेथे निदान खाद्य माशाचे असते. तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट-लडाखच्या उंच सरोवरांकडून येतो. त्याला तळलेले बेसन व मीठ यांची गरज नाही. पण लाँचवरील कोणालाही तो कोठून आला हे ठाऊक नसते, आणि ते सांगण्याचे काम कोणाकडेही दिलेले नसते. वर चढताना कठड्याजवळ मोबाइल धरून उभे राहण्याची धडपड, पक्षी हातातून शेव उचलतो तो क्षण, आणि मग सारे विसरून भेळेचा कागद समुद्रात; या फेरीची संहिता एवढीच. तांडेल सुकाणूवर असतो. त्याला वारा, ओहोटी, कुरवांचे येणे-जाणे सारे माहीत असते. त्याला कोणी विचारीत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ठाणे खाडी आहे. २०१५ साली तिला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली तिचा रामसर स्थळांत समावेश झाला, आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून २०१७ नंतर नियमित नौकाफेऱ्या सुरू झाल्या. भांडुपच्या बाजूने कोळी नावाडीही प्रवाशांना खाडीत नेत आले आहेत. फ्लेमिंगो हा काटेकोर अर्थाने समुद्रपक्षी नव्हे, तरी फेरीचा प्रकार तोच : भरती-ओहोटीने ठरणारे वेळापत्रक, निवेदक, आणि शेवटी गुलाबी विपुलतेचे दर्शन. येथे विपुलतेचा अर्थ यॉर्कशरपेक्षाही संदिग्ध आहे. शहराच्या सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे खाडीत नीलहरित शेवाळ वाढते व त्यावर लहान फ्लेमिंगो जगतो, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे हे सौंदर्य काही अंशी आपल्याच गटाराचे आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपर परिसरात विमानाला धडकून तीसहून अधिक फ्लेमिंगो मरण पावले, तेव्हा हे पक्षी खाडीतून उठून कोणत्या पाणथळींकडे जातात, आणि त्या पाणथळींचे काय होत आहे, याची चर्चा काही दिवस झाली.

खाडीच्या फेरीत हा विषय यावयास हवा, आणि तो मांडण्यास नावाड्याइतका अधिकारी दुसरा कोणी नाही. ज्या कोळ्यांच्या जाळ्यांत पूर्वी या खाडीत कोणते मासे येत आणि आता कोणते येत नाहीत हे ज्यांना अनुभवाने माहीत आहे, त्यांच्याकडे इंजिन आणि सुकाणू सोपवून निवेदन मात्र पक्ष्यांच्या नावांची यादी पाठ केलेल्या मार्गदर्शकाकडे द्यावयाचे, ही विभागणी सोयीची असली तरी ज्ञानाच्या दृष्टीने उलटी आहे. फ्लॅम्बरोच्या संदर्भात १८६९ च्या कायद्याने जे केले त्याचीच ही सौम्य पुनरावृत्ती आहे : पक्ष्याबद्दल बोलण्याचा हक्क किनाऱ्यावर राहणाऱ्याकडून किनाऱ्यावर येणाऱ्याकडे जातो.

आपल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व भूगोल विभागांच्या सहली आता ऐरोलीला जातात. त्यांच्या अहवालाचा तक्ता सहसा ठरलेला असतो : पक्ष्याचे प्रचलित नाव, शास्त्रीय नाव, अंदाजे संख्या, शेरा. त्यात भरतीची वेळ, पाण्याचा वास, जाळ्यात त्या दिवशी काय आले आणि नावाडी काय म्हणाला यांसाठी चार रकाने वाढवावयास कोणतेही अनुदान लागत नाही. शेऱ्याचा रकाना तर बहुतेक अहवालांत कोराच असतो.